आरसी गाडीचे लाइट सारखे बंद पडतात, फडफडतात, नाहीतर लाइट लावले की स्टेअरिंगच बिघडतं: काय तपासायचं, कुठे थांबायचं

रिमोटवर चालणाऱ्या आरसी गाडीला लाइट बसवायची हौस सगळ्यांनाच असते आणि पहिल्या संध्याकाळी ते दिसतातही भारी, पण आठ-पंधरा दिवसांत तीच गाडी परत टेबलावर येते. नाशिकमधल्या ओळखीच्या पोरांच्या आणि पोरांपेक्षा जास्त हौशी बापांच्या गाड्या मी बरीच वर्षं खोलतोय आणि तक्रारी फिरून फिरून त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हे सगळं हॉबी ग्रेड गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यात रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) वेगळा, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) वेगळा, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) वेगळा आणि बॅटरी २एस किंवा ३एस, म्हणजे दोन किंवा तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), नाहीतर ७.२ व्होल्टची निकेल मेटल. खेळण्याच्या दुकानातली गाडी, जिच्यात सगळं एकाच हिरव्या बोर्डावर असतं, तिच्यात रिकामा चॅनल (रिसिव्हरवरची प्लगची मोकळी जागा) वगैरे प्रकार नसतो, तिला यातलं अर्धंच लागू पडेल.

आधी लक्षणं बघा, आपली गाडी कशात बसते ते:

- लाइट अजिबात लागत नाहीत. किंवा टेबलावर थेट बॅटरीला लावले की लागतात आणि गाडीत बसवले की नाही.
- मागचे लाल लागतात, पुढचे पांढरे लागत नाहीत.
- स्टेअरिंग फिरवलं की लाइट फडफडतात, पूर्ण थ्रॉटल (वेगाचा ट्रिगर) दिला की मंद होतात.
- लाइट लावल्यापासून गाडी मध्येच सेकंदभर मरते आणि आपोआप जिवंत होते, किंवा चाकं उगाच थरथरतात.
- खड्ड्यात आपटली की एक हेडलाइट जातो, बॉडीवर टपली मारली की परत येतो.
- ब्रेक लाइट कायम चालू, किंवा इंडिकेटर उलट्या बाजूचा लागतो.
- पांढरा एलईडी निळसर आणि मंद झालाय.
- पावसात चालवल्यावर दोन दिवसांनी बंद.
- लाइट बसवल्यापासून बॅटरी लवकर उतरते, किंवा फुगायला लागलीय. (हे असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी खाली बॅलन्स प्लगवालं वाचा.)

आता काहीही उघडायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. मेन बॅटरी ईएससीला जाते, ईएससीच्या पोटात बीईसी नावाचं छोटं सर्किट असतं, ते बॅटरीचा व्होल्टेज ५ किंवा ६ वर उतरवतं आणि रिसिव्हरला देतं, आणि रिसिव्हरमधूनच स्टेअरिंगच्या सर्व्होला पॉवर जाते. आपण लाइटचा प्लग रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलला खुपसतो म्हणजे लाइट, सर्व्हो आणि रिसिव्हर तिघंही त्या एकाच बीईसीवर जगतात. त्यामुळे लाइट फडफडतोय म्हणून लोक एलईडी बदलतात, परत बदलतात, तिसऱ्यांदा महागडं किट मागवतात, आणि बिघाड बसलेला असतो वायरीत नाहीतर व्होल्टेजच्या हिशोबात. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत खरोखर मेलेला एलईडी फार कमी वेळा निघतो, आणि निघाला तरी त्याला मारणारं कारण जाग्यावरच असतं, म्हणजे नवा लावला तरी तोही जाणारच.

१. लाइटचा प्लग काढा आणि गाडी चालवा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि हेच कोणी करत नाही. रिसिव्हरमधून लाइटचा प्लग उपटा आणि एक अख्खी बॅटरी गाडी फिरवा. "काका, लाइट लावले की गाडी पागल होते" म्हणून पोरगं गाडी घेऊन येतं, लाइट काढले तरी गाडी तितकीच पागल असते, सर्व्होचे गिअर गेलेले असतात आणि तो दांड्यावर अडकून कण्हत असतो. मग लाइटच्या मागे लागून काय उपयोग.

लाइट काढल्यावर गाडी एकदम शहाण्यासारखी वागली तर दोष लाइटच्या वायरिंगमध्ये आहे किंवा बीईसीची ताकद कमी पडतेय. कुठे शोधायचं ते निम्मं इथेच ठरतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

२. बॅटरी, ट्रिम आणि रिमोट

२एस लायपो पूर्ण चार्ज ८.४ व्होल्ट, ३एस १२.६. लाइट मंद आहेत म्हणून आणलेली गाडी कित्येकदा फक्त उतरलेल्या बॅटरीवर असते. थंडीत तर हे जास्तच, निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत पहाटे पहाटे गाडी काढली की लायपो आतून आळसावलेली असते, लोड आला की व्होल्टेज पटकन खाली बसतो. बॅटरी घरात उबेला ठेवून मग लावा आणि फरक बघा.

ब्रेक लाइट कायम चालू असेल तर नव्वद टक्के वेळा थ्रॉटलचा ट्रिम (मधली पोझिशन जुळवायचं रिमोटवरचं बटण) सरकलेला असतो. लाइटचा कंट्रोलर (लाइट चालू-बंद करणारा छोटा बोर्ड) थ्रॉटलचा सिग्नल वाचतो, न्यूट्रलच्या (ट्रिगर सोडल्यावरच्या मधल्या पोझिशनच्या) जरा खाली गेलं की त्याला वाटतं ब्रेक मारला. ट्रिम मधोमध आणा, मग ईएससी परत कॅलिब्रेट करा (ट्रिगरची पोझिशन त्याला नव्याने शिकवा), मग गाडी बंद करून चालू करा. चालू करताना ट्रिगरला बोट लावू नका, बरेच कंट्रोलर चालू होताना जी पोझिशन मिळेल तीच न्यूट्रल समजून बसतात. रिमोट आधी, गाडी नंतर, बंद करताना उलटं, हे तर माहितीच असेल.

इंडिकेटर उलटे लागत असतील तर वायरी कापायची काही गरज नाही. रिमोटवर स्टेअरिंग चॅनल रिव्हर्स केलेला असतो, कंट्रोलर बिचारा सिग्नल जसा येतो तसा वाचतो. कंट्रोलरचा सेटअप त्याच्या कागदात बघून परत एकदा शिकवा, बस.

३. प्लग उलटा तर नाही ना

सर्व्होच्या प्लगमध्ये तीन वायरी, मधली लाल म्हणजे पॉझिटिव्ह, काळी किंवा तपकिरी निगेटिव्ह, पांढरी किंवा नारिंगी सिग्नल. नुसत्या लाइटला सिग्नल लागत नाही, मधली आणि काळी इतकंच पुरतं. प्लग उलटा घातला तर पॉझिटिव्ह मधेच राहतो पण निगेटिव्हच्या जागी सिग्नल येतो, म्हणून लाइट लागत नाही आणि सहसा जळतही काही नाही, घाबरू नका, फिरवून घाला. रिसिव्हरच्या कडेला कुठली पिन कुठली ते बारीक अक्षरात किंवा चिन्हांनी लिहिलेलं असतं, मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा.

दोन पिनच्या प्लगला मात्र जपा, तो एक पिन सरकून बसतो आणि वरून बघितलं तर बरोबर वाटतो.

एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्ह. पाय कापले असतील तर घुमटाची कड जिथे सपाट आहे तो निगेटिव्ह.

४. वायर हलवून बघा

टपली मारली की लागतो म्हणजे वायर तुटलीय किंवा कनेक्टर सैल आहे, इथे चर्चा नाही. लाइट चालू ठेवा, गाडीची चाकं जमिनीवरून उचला, आणि प्लगपासून सुरुवात करून वायर बोटभर बोटभर वाकवत एलईडीपर्यंत जा. जिथे लुकलुक झाली तिथे दोष. दिवसा कळत नाही, खोलीत अंधार करा.

वायर कुठे तुटते ते सांगतो, म्हणजे थेट तिथेच बघाल. एलईडीच्या पायाला सोल्डर मारलं की पातळ झालेलं सोल्डर वायरीत वर शोषलं जातं आणि तेवढी दोन-चार मिलिमीटर वायर कडक होते. कडक भाग जिथे संपतो आणि मऊ सुरू होतो बरोब्बर तिथे, गाडीच्या हादऱ्याने, एकेक तार तुटत जाते, आणि वरचं प्लास्टिक साबूत असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. दुसरी जागा म्हणजे बॉडी आणि चासीच्या मधली वायर. बॉडी काढताना आपण ती सरळ वर ओढतो, वायर विसरतो, खटकन ताण बसतो. तिथे एक सुटणारा कनेक्टर पाहिजेच पाहिजे आणि वायर तळहाताएवढी जास्त सोडायची, नंतर ती केबल टायने बॉडीला आतून बांधायची, म्हणजे ताण आला तरी सोल्डरवर येत नाही.

वायर कुठली वापरलीय तेही बघा. इंटरनेटच्या केबलमधली वायर फुकट मिळते म्हणून घालतात, त्यातली बरीचशी एकेरी जाड तारेची असते, ती हादऱ्याला टिकत नाही. जुन्या इअरफोनची वायर दिसायला मऊ पण तिच्या तारांवर रंगीत वार्निश असतं, ते जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि मग महिनाभर डोकं खातं. बारीक तारांची सिलिकॉन वायर घ्या, काही फार पैसे लागत नाहीत.

आणि बॉडीत एलईडी चिकटवायला इन्स्टंट ग्लू वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक लेक्सनवर (बॉडीच्या प्लास्टिकवर) बसते आणि हेडलाइटची काच पांढुरकी होते, मग लोक म्हणतात लाइट मंद पडला. हॉट ग्लू चालतो, पण एप्रिल-मेमध्ये गाडी कारच्या डिकीत राहिली की लेक्सनवरून सुटतो आणि एलईडी आत लोंबकळतो. बुटाचा सोल चिकटवायचा रबरी ग्लू असतो ना, तो सगळ्यात टिकाऊ.

पाऊस हा याच पायरीतला विषय. चामरलेणीच्या पायथ्याला पावसाळ्यात क्रॉलर (दगडांवर चढणारी गाडी) घेऊन जायला मजा येते यात वाद नाही, पण घरी आल्यावर वरवर पुसून ठेवली की कनेक्टरच्या आतलं पाणी तसंच राहतं, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि दोन-तीन दिवसांनी लाइट बंद. कनेक्टर सोडवून वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा. थर काळा पडून आत शिरला असेल तर घासत बसू नका, कापून नवीन लावा.

५. एलईडीची टेस्ट, टिकली सेलने

आता एलईडी खरंच जिवंत आहे का ते बघू. सीआर २०३२ टिकली सेल घ्या, ३ व्होल्टचा असतो. एलईडीचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना लावा, लांब पाय प्लसकडे. लाल, पिवळा, पांढरा, निळा, कुठलाही लागला पाहिजे. त्या छोट्या सेलचा आतला रोधच एवढा असतो की क्षणभर रेझिस्टरशिवाय लावलं तरी एलईडीला काही होत नाही. हे मोठ्या बॅटरीला करायचं नाही बरं का, लायपोला एलईडी डायरेक्ट लावला तर टिचकी वाजेल आणि संपेल. घरात लहान मूल असेल तर टिकली सेल काम झाल्या झाल्या उचलून ठेवा, गिळला तर थेट हॉस्पिटल.

निळसर आणि मंद झालेला पांढरा एलईडी सेलवर लागेल, पण तो भाजून निघालेला असतो. तो बदला, पण पुढची पायरी वाचल्याशिवाय नवीन लावू नका.

६. व्होल्टेजचा हिशोब

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, इथे घाई नको.

लाल आणि पिवळा एलईडी साधारण २ व्होल्टवर चालतो. पांढरा आणि निळा ३ ते ३.४ वर. साध्या ५ मिलिमीटर एलईडीला जास्तीत जास्त २० मिलिअँप. वरचा उरलेला व्होल्टेज खायला रेझिस्टर असतो, म्हणजे पुरवठ्यातून एलईडीचा व्होल्टेज वजा करायचा आणि ०.०२ ने भागायचं. ६ व्होल्टवर पांढरा असेल तर २.८ भागिले ०.०२ म्हणजे १४०, बाजारात १५० ओहमचा मिळतो. लाल असेल तर ४ भागिले ०.०२ म्हणजे २००, तिथे २२०.

मी स्वतः एवढं गणित करत बसत नाही. सरळ ३३० ओहमचा पट्टा घेऊन ठेवलाय, नारिंगी नारिंगी तपकिरी, आणि प्रत्येक एलईडीला एक. बीईसी ५ व्होल्टचा असो, ६ चा असो, किंवा २एस बॅटरीवर थेट असो, तो कुठल्याही रंगाला २० मिलिअँपच्या वर जाऊ देत नाही. उजेड थोडा कमी पडतो पण रात्री कॉलनीच्या रस्त्यावर भरपूर दिसतो आणि एलईडी वर्षानुवर्षं टिकतो. ३एस वर थेट लावायचा असेल तर मात्र पांढऱ्याला ४७० आणि लालला ५६०.

आता या हिशोबातून वरची अर्धी लक्षणं सुटतात बघा.

लाल लागतो पांढरा नाही: दोघं समांतर (शेजारी शेजारी) जोडलेत आणि मिळून एकच रेझिस्टर लावलाय. लाल २ व्होल्टला चालू होतो आणि व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो, पांढऱ्याला ३ पाहिजेत, त्याच्या वाट्याला २ च येतात. एलईडी बदलून काही होणार नाही. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर.

टेबलावर लागतात, गाडीत नाही: दोन पांढरे सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडलेत. दोघांना मिळून ६.४ च्या आसपास पाहिजेत. टेबलावर ८.४ ची भरलेली बॅटरी होती म्हणून लागले, गाडीत बीईसीकडून ६ नाहीतर ५ च मिळतात. दोन लाल सिरीजमध्ये ६ वर चालतात, १०० ओहम लावून, पांढरे नाही चालत.

याचाच भाऊ म्हणजे बाईक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून आणलेली एलईडी पट्टी. ती १२ व्होल्टची असते, आत तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये, रिसिव्हरला लावली तर ती लागतच नाही किंवा काजव्यासारखी मिणमिणते. पोरं दुकानदाराशी भांडून येतात, पट्टी चांगली असते हो. ३एस बॅटरीवर ती मस्त चालते, २एस वर तिचा नाद सोडा.

आणि उलटा प्रकार: सर्व्हो हाय व्होल्टेज घेतला म्हणून बीईसी ७.४ वर सेट केला आणि लाइट किट ५ व्होल्टचं होतं ते तसंच राहिलं. निळसर पडलेल्या पांढऱ्या एलईडीचं हे ठरलेलं कारण. सर्व्हो बदलला की लाइटचा पुरवठा परत तपासायचा.

७. बॅलन्स प्लगमधून पॉवर घेतलीय का

कोणीतरी कुठूनतरी शिकून येतं की लायपोच्या पांढऱ्या बॅलन्स प्लगमधून (चार्ज करताना सगळे सेल सारखे भरायला असतो तो छोटा प्लग) एका सेलचे ३.७ व्होल्ट घेतले की पांढऱ्या एलईडीला रेझिस्टर पण नको. लागतो, चालतो, आणि बॅटरीची वाट लागते. लाइट एकाच सेलमधून करंट खातो, दुसरा सेल भरलेला राहतो. ईएससीचा लो व्होल्टेज कटऑफ साधारणपणे दोन्ही सेलची बेरीज बघतो, त्याला ७ दिसतात, प्रत्यक्षात एक ३.८ ला आणि दुसरा ३.२ ला असतो आणि गाडी चालतच राहते. असं थोड्या वेळा झालं की तो सेल फुगतो. असं जोडलेलं असेल तर आजच काढा.

मेन बॅटरीवर थेट जोडलं असेल तर दोन्ही सेल सारखे उतरतात, ते ठीक, पण ईएससीचं बटण बंद केलं तरी हे लाइट चालूच राहतात आणि कटऑफ त्यांना लागू नाही. रात्रभर विसरलात तर सेल ३ व्होल्टच्या खाली जातो आणि मग चार्जर घेत नाही. मधे छोटं स्विच टाका आणि गाडी ठेवताना बॅटरी काढूनच ठेवा.

८. मल्टिमीटर, लोडवर

दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर पुरतो. फक्त लाल वायर १० अँपच्या भोकात राहिली नाही ना ते दर वेळी बघा, त्या भोकात असताना बॅटरीला टोकं लावली की तो थेट शॉर्ट असतो आणि लायपो शॉर्ट म्हणजे गंमत नाही.

मीटर डीसी २० व्होल्टवर, टोकं रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलच्या मधल्या आणि काळ्या पिनवर. चॅनल रिकामा नसेल तर लाइटच्या प्लगला वाय हार्नेस (एका प्लगचे दोन करणारी वायर) लावून तिथे मोजा. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. गाडी उभी असताना आकडा लिहून ठेवा, मग गाडी जमिनीवर ठेवून स्टेअरिंग जोरात इकडून तिकडे, शेवटपर्यंत दाबून धरा. उभं असताना ६ आणि स्टेअरिंग दाबलं की ५.७ वगैरे, काही प्रॉब्लेम नाही. ४.५ च्या खाली डुबकी दिसली तर बीईसी कमी पडतोय. साधा मीटर हळू असतो, त्याला ४.५ दिसलं म्हणजे क्षणभर खरं त्याहून खाली गेलेलं असतं, आणि त्याच क्षणी रिसिव्हर रीसेट होतो आणि गाडी सेकंदभर मरते.

लोक म्हणतात लाइट करंट खातात. साधे आठ एलईडी मिळून १६० मिलिअँप, त्यात काय आहे. खरा खाणारा सर्व्हो, चाक दगडाला अडकलं आणि सर्व्हो जोर लावत राहिला की साधा सर्व्होही १ अँपच्या आसपास जातो आणि ताकदवान डिजिटल २-३ अँप ओढतो. सकाळी खालच्या मजल्यावर कोणी मोटर लावली की वरच्यांच्या नळाची धार बारीक होते, तसं. लाइट फक्त धार बारीक झालेली दाखवतो. रूफवरचा लाइटबार मात्र वेगळा, त्यात १ वॉटचे एलईडी असले तर एकेक ३५० मिलिअँपपर्यंत खातो, चार असले की बीईसीवर खरंच भार.

म्हणून आधी सर्व्होचा एंड पॉइंट कमी करा, म्हणजे चाक पूर्ण वळल्यावर सर्व्हो उगाच ढकलत राहणार नाही. फुकटचा उपाय आहे आणि पुष्कळ वेळा एवढ्यावरच फडफड थांबते.

९. कपॅसिटर, वेगळा बीईसी

क्षणभराच्या डुबक्या असतील तर रिकाम्या चॅनलला १६ व्होल्ट, २२०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. पांढरी पट्टी असते ती बाजू निगेटिव्ह, उलटा लावला तर फुगतो आणि फुटतो. मात्र बीईसी मुळातच छोटा असेल तर कपॅसिटर त्याला मोठा करू शकत नाही.

तेव्हा वेगळा बीईसी. तो फक्त लाइटसाठी वापरायचा असेल तर बॅटरीवरून घ्या आणि त्याचा निगेटिव्ह रिसिव्हरच्या निगेटिव्हला जोडलेला आहे ना ते बघा. लाइटला वेगळी बॅटरी लावली आणि ब्रेक लाइट ऐकेनासा झाला अशी तक्रार येते ती इथलीच, निगेटिव्ह सामाईक नसेल तर कंट्रोलरला सिग्नल वाचताच येत नाही. रिसिव्हर आणि सर्व्होच वेगळ्या बीईसीवर न्यायचे असतील तर ईएससीच्या प्लगमधली मधली लाल वायर पिनसकट बाहेर काढून टेप लावून ठेवा, दोन बीईसी एकमेकांशी भांडायला नकोत.

आता थांबायचं कुठे

बॅटरी फुगलेली असेल, गोडसर रासायनिक वास येत असेल, किंवा एक सेल ३ च्या खाली असेल तर हात लावायचं काम संपलं. चार्ज करून बघू, टोचून हवा काढू, असले प्रयोग नाहीत. घराबाहेर, वाळूच्या किंवा मातीच्या कुंडीवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

रिसिव्हरवर लाइट न लावताही ६ च्या जागी ७.५ किंवा ८ दिसत असतील, आणि सेटिंग ७.४ केलेलं नसेल, तर ईएससीतला बीईसी गेलाय. ताबडतोब बॅटरी काढा, सर्व्हो आणि रिसिव्हर दोन्ही जातील. ईएससीतून जळका वास, वितळलेलं प्लास्टिक, किंवा गाडी उभी असताना ईएससी हाताला चटका देतोय, तिथेही थांबा. ईएससीच्या बोर्डावर घरच्या जाड टोकाच्या सोल्डरिंगने काम करू नका, बाजूचे बारीक पार्ट उडतात. लायपोच्या जाड मेन वायरी बदलायचं काम पण अनुभवी माणसाकडूनच, दोन वायरी एकदम कापल्या की कातरीनेच शॉर्ट होतो.

बोर्डावरचं बारीक सोल्डरिंग असेल तर एमजी रोडच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मायक्रोस्कोप आणि हॉट एअर असतं, कंट्रोलर किंवा रिसिव्हरचा तुटलेला पॅड ते छान जोडून देतात. बॅटरी आणि ईएससीसाठी मात्र आरसीची कामं करणाऱ्याकडेच जा. आणि कोणाकडेही नेलीत तरी गाडी लाइटसकट, रिमोटसकट न्या, बॅटरी वेगळी पिशवीत, आणि वरच्या पायऱ्यांत काय काय केलं, उभं असताना आणि स्टेअरिंग दाबल्यावर किती व्होल्ट दिसले ते कागदावर लिहून द्या, म्हणजे समोरचा माणूस परत एलईडीपासून सुरुवात करणार नाही आणि त्याचे पैसे तुम्हाला पडणार नाहीत.